आजार सगळा सांग, माणूस नको

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या फिटच्या आजाराविषयी आणि गोळीने वाढलेल्या चिडचिडीविषयी रुग्णांच्या ग्रुपवर विचारायला लिहिलेला तुझा मजकूर सावकाश वाचला. ‘हे ऑनलाइन टाकू का?’ एवढंच विचारलं आहेस. टाक. पण असाच्या असा नको.

टाक म्हणते, कारण तुझा प्रश्न खरा आहे. लेव्हेटिरासिटाम ही फिटची गोळी सुरू झाल्यावर काही जणांची चिडचिड वाढते हे डॉक्टरांना माहीत असतं, औषधाच्या माहितीपत्रकातही छापलेलं असतं. पण ती चिडचिड मीटिंगमध्ये कशी उफाळते, घरच्यांवर ओरडून झाल्यावर काय वाटतं, किती आठवड्यांनी ओसरते की ओसरतच नाही, हे ती गोळी घेणारी माणसंच सांगू शकतात. ओपीडीत बाहेर रांग लागलेली असताना हे बोलून होत नाही. शिवाय फिटचा आजार लोक इतका लपवतात की शेजारच्या टेबलावरचा माणूस तीच गोळी घेतो हे आपल्याला वर्षानुवर्षं कळत नाही. तेव्हा घाबरून गप्प बस असं सांगायला हे पत्र नाही.

माझी सगळी नोकरी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात गेली. कुठलाही कागद हातात आला की अजूनही पहिला विचार हाच येतो, की यावरून माणूस सापडेल का? तुझ्या मजकुरात तू तिसऱ्या ओळीला सापडलीस.

पहिलं वाक्य बघ. ‘परवा माझा चोविसावा वाढदिवस होता आणि त्याच दिवशी ऑफिसच्या लिफ्टमध्ये मला फिट आली.’ नाव नाही, गाव नाही, म्हणून तुला ते निर्धोक वाटलं असणार. पण पोस्टवर तारीख पडते. तिच्यावरून परवाचा दिवस कोणता ते कुणीही काढेल, आणि चोविसावा म्हटल्यावर सालही हाती आलं. म्हणजे तू पूर्ण जन्मतारीख लिहून दिलीस. लिफ्टमध्ये त्या दिवशी काय झालं हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यातल्या कुणी हे वाचलं तर पुढच्या सगळ्या ओळी तुझ्या नावावर वाचल्या जातील. त्यात तू नोकरी बदलायचा विचार करते आहेस हेही आहे. आणि तिसऱ्या ओळीत न्यूरॉलॉजिस्टचं, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांचं, नाव घेऊन आभार मानलेस, म्हणजे शहरही सांगून टाकलंस. आभाराच्या ओळींत माणसं सगळ्यात जास्त बोलून जातात, हे मी पाहिलेलं आहे. आभार त्यांना भेटून मान.

एवढा उपद्व्याप करतं कोण, असं म्हणशील. लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने केला होता, नव्वदच्या दशकात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं काढून संशोधनासाठी खुल्या केल्या होत्या. नावं नाहीत म्हणजे कुणी ओळखू येणार नाही, असा भरवसा होता. स्वीनी यांनी त्याच राज्यातल्या केंब्रिज शहराची मतदार यादी वीस डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड तिथेच राहत. त्यांची जन्मतारीख असलेले शहरात सहा जण, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडात एकच. गव्हर्नरसाहेबांच्या उपचारांची नोंद हाती आली. पुढे २००० साली स्वीनी यांनी हिशोब मांडला, की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावर अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकमेव ठरतात. २००६ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासकाने तोच हिशोब पुन्हा केला तेव्हा प्रमाण ६३ टक्क्यांच्या आसपास आलं. कमी आलं म्हणून निश्चिंत व्हावं असा काही तो आकडा नाही.

म्हणून नाव झाकायच्या मागे लागू नकोस, दुसऱ्या कशाशी तरी जोडता येणारे तपशील काढ. माझी कसोटी साधी आहे. प्रत्येक तपशिलापाशी थांबायचं आणि विचारायचं, उत्तर देणाऱ्याला हे लागतं का? वय लागतं, पण ‘विशीतली’ पुरतं. वाढदिवस लागत नाही. औषध कधी सुरू झालं हे लागतं, पण ‘सहावा आठवडा चालू आहे’ म्हणालीस की झालं, तारीख कशाला? फिट कामाच्या जागी आली हे महत्त्वाचं, लिफ्ट नाही. झोप अपुरी झाली होती का, एखादी गोळी चुकली होती का, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. आणि नेमकं तेच तू लिहिलेलं नाहीस. गंमत अशी की ही कसोटी लावून लिहिलेला मजकूर जास्त कामाचाही होतो. क्वचित एखाद्या फार दुर्मीळ आजारात आजाराचं नावच माणसाचा पत्ता सांगतं, तिथे ही कसोटी अपुरी पडते. तुझा आजार तसा नाही.

आता मजकुराला जोडलेल्या त्या रिपोर्टच्या फोटोकडे येते, कारण ती माझ्या धंद्यातली गोष्ट. रेकॉर्ड विभागात नावाने फाइल शोधायला गेलं तर एका नावाची ढीगभर माणसं निघतात. फाइल शोधतात ती नोंदणी क्रमांकाने. ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीच्या, रिपोर्टवर तू नावावर काळी रेघ ओढलीस आणि क्रमांक ठळक तसाच ठेवलास. कोपऱ्यातला बारकोडही उघडा. मग तपासणीची तारीख आणि वेळ, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव, तंत्रज्ञाची सही, तळाशी केंद्राचा पत्ता. काही ठिकाणी तर रिपोर्टवरचा क्यूआर कोड मोबाइलसमोर धरला की अख्खा रिपोर्ट उघडतो. आणि ती रेघसुद्धा मोबाइलमधल्या मार्करने ओढलेली आहे. तो मार्कर थोडा पारदर्शक असतो. मी फोटोचा उजेड वाढवला तर तुझं आडनाव वाचता आलं. पीडीएफवर काळा चौकोन ठेवून झाकणारेही पुष्कळ असतात. त्या चौकोनाखालची अक्षरं बऱ्याचदा कॉपी करून दुसरीकडे सरळ चिकटवता येतात. त्यापेक्षा फोटो टाकूच नकोस. रिपोर्टमधला निष्कर्षाचा परिच्छेद स्वतः टाइप कर. वाचणाऱ्याला तेवढाच लागतो.

एमआरआयची सीडी तर कुणालाच पाठवू नकोस, ‘मी बघून सांगतो’ म्हणणारा कितीही जाणकार वाटला तरी. त्यातल्या फाइली डायकॉम प्रकारच्या असतात. चित्राच्या पोटातच नाव, जन्मतारीख, क्रमांक नोंदलेले असतात आणि चित्राबरोबर तेही जातात. ते पुसले तरी डोक्याच्या एमआरआयमध्ये चेहऱ्याचा आकार उरतोच. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांच्या एमआरआयवरून चेहरे उभे केले आणि कुणालाही मिळणाऱ्या चेहरा ओळखण्याच्या सॉफ्टवेअरला दिले. ८३ टक्के चेहऱ्यांची त्या-त्या माणसाच्या फोटोशी बरोबर जुळणी झाली.

भावाने काढलेला फिटचा व्हिडिओ शेवटी जोडायचा म्हणतेस. तो न्यूरॉलॉजिस्टला जरूर दाखव. मान कुठल्या बाजूला वळली, कोणता हात आधी आखडला, शुद्ध यायला किती वेळ लागला, हे त्यांना दुसऱ्या कशातून इतकं स्पष्ट कळत नाही. पण लोकांसमोर नको. त्यात तू शुद्धीवर नाहीस. त्या अवस्थेत तुला कुणी पाहावं हे ठरवायचा हक्क तुझा आहे, आणि तो एकदा हातचा गेला की परत मिळत नाही.

वाचणारे सगळे रुग्णच असतात असंही समजू नकोस. २०१० मध्ये पेशंट्सलाइकमी या संकेतस्थळावर मनाच्या आजारांविषयीचं लोकांचं लिखाण एक सभासद धडाधड उतरवून घेताना सापडला. तो रुग्ण नव्हताच, नील्सन या बाजार-संशोधन कंपनीचा प्रोग्राम होता, आणि तिच्या ग्राहकांमध्ये औषध कंपन्या होत्या. काही वेळा तर लिहायचीही गरज नसते. बेटरहेल्प या समुपदेशन सेवेने लोकांचे ईमेल पत्ते आणि प्रश्नावलीतली उत्तरं जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटला दिली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने ठेवला. २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटलं. म्हणून यासाठी वेगळा ईमेल काढ. टोपणनावही असं घे जे तू दुसरीकडे कुठेही वापरलेलं नाहीस. तुझं ते गेममधलं नाव अजिबात नको, शोधलं की तुझे कॉलेजचे फोटो वर येतात.

‘पण तो ग्रुप बंद आहे’ असं तू कंसात लिहिलं आहेस. बंद म्हणजे काय, तर दाराशी कुणीतरी विचारणारं आहे, एवढंच. आत आलेला प्रत्येक जण स्क्रीनशॉट काढू शकतो. २०१८ मध्ये तर असं उघडकीला आलं, की स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकदोष असलेल्या स्त्रियांच्या फेसबुकवरच्या बंद ग्रुपमधल्या सभासदांची यादी बाहेरच्याला उतरवून घेता येत होती. नंतर फेसबुकने ते बंद केलं. त्या बायकांनी ग्रुपमध्ये एक अक्षर लिहिलेलं नसतं तरी त्या यादीत नाव असणं हीच माहिती होती.

कायद्यावर फार विसंबू नकोस. डॉक्टर आणि रुग्णालय तुझी माहिती गुप्त ठेवायला बांधलेले असतात. तू स्वतः चारचौघांत सांगितलेल्याला ते बंधन लागू होत नाही. युरोपचा जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा कायदा आरोग्याच्या माहितीला खास संरक्षण देतो, पण माणसाने स्वतः उघडपणे जाहीर केलेल्या माहितीला त्यातून सूट आहे. आपला २०२३चा डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदाही, व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला लागू नाही. आणि नंतर खोडून टाकीन म्हणशील, तर तुझी पोस्ट खोडली जाईल. उत्तर देताना कुणी तुझी वाक्यं वर चिकटवलेली असतील, ती त्याच्या पोस्टमध्ये राहतील. उघड्या पानांच्या प्रती जपून ठेवणारे संग्रहही आहेत.

खासगी मेसेज येतील. बहुतेक चांगल्या मनाने येतील. पहिल्याच दिवशी फोन नंबर मागणारा, गोळ्या बंद करायला सांगून स्वतःचं काहीतरी देऊ करणारा, किंवा ‘रिपोर्ट पाठव’ म्हणून मागे लागणारा असेल तर उत्तरच देऊ नकोस. सभ्यपणा दाखवायची ही जागा नाही.

आणखी एक. एकेक पोस्ट निर्धोक असते, वर्षभराच्या पोस्टी मिळून नसतात. आज कुत्र्याचं नाव, पुढच्या महिन्यात कोणत्या शहरात ट्रेनिंगला गेलीस ते, मग बहिणीचं बाळंतपण. अधूनमधून आपलं जुनं लिखाण परक्या माणसासारखं सलग वाचून काढ.

एवढं सांभाळूनही सगळं आपल्या हातात नसतं. फिनलंडमधल्या वास्तामो या मानसोपचार केंद्राच्या नोंदी चोरीला गेल्या, आणि २०२० मध्ये चोराने एकेका रुग्णाला गाठून पैसे मागितले. हजारो माणसं होती ती, आणि त्यांनी आपलं दुखणं फक्त थेरपिस्टला सांगितलं होतं. म्हणून म्हणते, उद्या काही बाहेर पडलंच तर स्वतःला दोष देत बसू नकोस. फिट येणं हा काही गुन्हा नाही.

तुझ्या भावाबद्दलची ओळ राहिली. त्याला लहानपणी तापात फिट आली होती, हे तू सहज लिहून गेलीस. घराण्यातला इतिहास म्हणून ते उपयोगाचं आहे, पण ती माहिती त्याची आहे. त्याला आधी विचार. हो म्हणाला तर ‘जवळच्या नात्यात एकाला’ एवढंच लिही. नको म्हणाला तर ती ओळ काढ, तुझ्या प्रश्नाचं काही बिघडत नाही. आणि चिडचिडीच्या पुढे जाऊन जीव नकोसा वाटण्यापर्यंत गेलं तर कुणाच्या उत्तराची वाट बघू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. गोळी मनाने बंद करू नकोस, एकदम थांबवली तर फिट वाढू शकतात.

सुधारलेला मजकूर मला पाठव. त्यात डोस लिहायचा राहिला आहे, तो घाल: किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, आणि शेवटचा कधी वाढवला.

तुझी,
मावशी