‘सोबत कोण आलंय, बहीण का?’

*ताई,*

*मी ३१ ची, ती ३६ ची. पुण्यात सहा वर्षं एकत्र राहतोय. घरमालकांना मावसबहिणी म्हणून सांगितलंय. आम्हाला मूल हवंय. ते माझ्या पोटात वाढावं आणि स्त्रीबीज तिचं असावं, असं दोघींच्या मनात होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तसं करता येणार नाही. फाइल माझ्या एकटीच्या नावावर होईल आणि शुक्राणू बँकेतूनच घ्यावे लागतील. तेव्हापासून तिच्या धाकट्या भावाचा विषय निघालाय. तो स्वतःहून तयार आहे, म्हणजे मूल तिच्याही रक्ताचं होईल. क्लिनिक ऐकत नसेल तर घरीच करा, नाहीतर त्याला नवरा म्हणून उभा करा, असं एक मैत्रीण सुचवते.*

*माझी आई सांगलीला असते. तिला आमचं माहीत आहे. ती म्हणते, ‘तुमचं तुम्ही बघा, पण एका जिवाला यात कशाला ओढता?’ परवा क्लिनिकमध्ये रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, ‘सोबत कोण आलंय, बहीण का?’ ती काहीच बोलली नाही. पाण्याची बाटली घेऊन भरायला उठून गेली. आमचं काही चुकतंय का?*

*– पुण्याहून एक*

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. भावाबद्दल लिहिलंस, आईबद्दल लिहिलंस, डॉक्टरांबद्दल लिहिलंस. तिला काय वाटतं याबद्दल मात्र शेवटची ती पाण्याची बाटली सोडली तर काहीच नाही. मला वाटतं, खरं दुखणं तिथे आहे. ती बाटली भरायला गेली तेव्हा तिच्या मनात एकच प्रश्न असणार: उद्या या मुलाची मी कोण? भावाचा विषयही त्याच प्रश्नातून निघालाय. निदान रक्त तरी आपलं असावं, एवढाच त्या बिचारीचा हिशेब आहे.

पण हा हिशेब उलटा पडतो, म्हणून आधी त्याबद्दलच बोलते. भावाच्या शुक्राणूंनी घरच्या घरी मूल झालं, तर नातं भावाचं पक्कं होतं, तिचं नाही. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ मध्ये झाला, जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे. त्या कायद्याप्रमाणे दात्याला मुलावरचे सगळे हक्क सोडावे लागतात. पण हे संरक्षण नोंदणी असलेली बँक आणि नोंदणी असलेलं क्लिनिक या वाटेने गेलं तरच मिळतं. घरी केलंत की तो दाता राहत नाही, डीएनए तपासला तर तो बाप ठरतो. आज तो जीव टाकतो बहिणीवर, मान्य. उद्या त्याचं लग्न होईल, बायको येईल, किंवा त्या दोघा भावंडांचे आईवडील म्हणतील की नातू आमचा आहे, आमच्याकडे द्या. तेव्हा कोर्टात उभं राहण्याची जागा त्याला असेल, तिला नसेल. शिवाय बँकेत एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासण्या होतात, त्याही घरी होत नाहीत.

त्याला नवरा म्हणून उभा करणं तर मनातूनही काढून टाका. खोट्या कागदावर जन्मलेल्या मुलाचा कायदेशीर बाप तोच लागेल, आणि तुम्ही दोघी कायम त्या खोट्याच्या धाकात राहाल.

भावाला मात्र दुखवू नका. त्याला जवळ बसवून सांगा की तुझी जागा ठरलेली आहे, तू मामा. मराठी घरात याहून लाडाचं नातं कुठलं? बाळाच्या सुट्ट्या मामाकडे, हट्ट मामाकडे. तिचा भाऊ मुलाचा मामा झाला की ती मुलाची कोण, हे घरात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

तुमचं पहिलं स्वप्न, तिचं बीज आणि तुझं गर्भाशय, हे काही देशांत होतं. आपल्याकडे कायद्याने जोडपं म्हणजे लग्न झालेले स्त्री-पुरुष. बाकी सगळ्या जणी ‘एकटी स्त्री’ म्हणून येतात, वय २१ च्या पुढे आणि ५० च्या आत. स्त्रीबीज देणारीही बँकेतूनच येते, अनोळखी असते, आणि तिचं वय २३ ते ३५ असावं लागतं. डॉक्टरांनी तुम्हाला टाळलं नाही, खरं तेच सांगितलं. मला याचा राग येतो. सहा वर्षं एका ताटात जेवणाऱ्या दोघींना सरकार ‘एकटी’ म्हणतं, हे मला पटत नाही. पण तुझं वय आज ३१ आहे, आणि कायदा बदलेपर्यंत ते थांबणार नाही.

आता तिची जागा. सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. अविवाहित जोडप्यांना मिळून मूल दत्तक घेण्याची मागणीही तीन विरुद्ध दोन अशी फेटाळली गेली. म्हणजे जन्मदाखल्यावर तिचं नाव येणार नाही. हे दोघींनी एकदा मोठ्याने बोलून घ्या, रडायचं असेल तर रडून घ्या. मग चांगल्या वकिलाकडे जा, आणि ते उपचार सुरू व्हायच्या आधी.

सगळ्यात महत्त्वाचं तुझं मृत्युपत्र. तू हिंदू कायद्यात बसत असशील, तर लग्नाबाहेर झालेल्या मुलाची नैसर्गिक पालक आईच असते आणि तिला मृत्युपत्राने पुढचा पालक नेमता येतो. तिथे तिचं नाव लिही, दोन साक्षीदारांच्या सह्या घे, नोंदणी करून टाक. बँकेत जोडखातं काढा. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने लेखी स्पष्ट केलंय की समलिंगी जोडीदारांना जोडखातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही. शाळेच्या, दवाखान्याच्या फॉर्मवर ‘तातडीच्या वेळी संपर्क’ म्हणून तिचाच नंबर. बापाच्या नावाची धास्ती घेऊ नकोस. अविवाहित आईला बापाचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यायचा, हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच सांगितलंय.

आणखी एक कागद असा आहे जो कुणी करत नाही, कारण बोलायलाच जीभ रेटत नाही. उद्या तुम्ही वेगळ्या झालात तर? तेव्हा सगळं पारडं तुझ्याकडे झुकलेलं असेल. तू म्हटलंस की मुलाला भेटायचं नाही, तर ती काय करणार? म्हणून आजच, प्रेमात असताना, तुझ्या हाताने लिहून दे की काही झालं तरी मूल आणि ती एकमेकांना तोडली जाणार नाहीत. त्या कागदाने कोर्ट बांधलं जात नाही, हे खरं. पण न्यायाधीश मुलाचं हित बघतात, आणि तिने त्याला वाढवलंय हे दाखवायला तो कागद असेल. आणि कोर्टाचं जाऊ दे, तिला तो आत्ता हवाय.

उपचारांबद्दल थोडक्यात. तुझं वय चांगलं आहे. एएमएच (स्त्रीबीजांचा साठा किती आहे हे सांगणारी रक्ततपासणी), सोनोग्राफी, गर्भनलिका मोकळ्या आहेत का याची तपासणी, थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करून घे. फॉलिक ॲसिड आत्तापासूनच डॉक्टरांना विचारून सुरू कर. बाकी काही अडचण नसेल तर आधी आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं, सांगतील. दर खेपेला यश शंभरात दहा-पंधरा जणींनाच येतं, तेव्हा पहिल्या खेपेला पाळी आली म्हणून खचू नका. तीन-चार खेपांनंतर आयव्हीएफचा, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याचा, विचार होतो. बीज तयार झालं की एक इंजेक्शन ठरलेल्या वेळेला घ्यावं लागतं, बहुतेक वेळा रात्री. पोटावर चिमूट धरून द्यायचं असतं. नर्सकडून ते तिला शिकून घेऊ दे. अलार्म तिने लावायचा, फ्रिजमधून इंजेक्शन तिने काढायचं, सुई तिने टोचायची. फाइलवर नाव नसलं तरी या मुलाची सुरुवात तिच्या हातून झालेली असेल.

आईला वाटतं ते दुष्टपणाचं नाही, लोकांची भीती आहे. दोन आयांची मुलं कशी वाढतात, हे सुसान गोलोम्बोक यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून तपासत आलेत. ती मुलं इतरांसारखीच वाढतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१३ मध्ये तेच म्हटलंय. पण आईपुढे हे कागद नाचवू नकोस. तिला विचारू नकोस, सांग. आणि मृत्युपत्रात काय लिहिलंय तेही सांग. तुला काही झालं तर मुलावर पहिला हक्क सांगायला तीच येणार आहे.

मुलाला चोरून वाढवू नका, एवढं माझं आईच्या बाजूने मागणं आहे. घरमालकांना मावसबहिणी चालून गेलं, मुलाला चालणार नाही. चार वर्षांचं पोर जिन्यात कुणालाही घरातलं सगळं सांगतं. घर बदलावं लागलं तर पोट दिसायच्या आधी बदला. आणि बाळ बोलायला लागलं की एका भल्या माणसाने आपल्याला मदत केली ही गोष्ट त्याला रामाच्या, काऊचिऊच्या गोष्टींबरोबरच सांगत जा.

तुझं चुकतंय का, असं विचारलंस. एकाच ठिकाणी चुकलं. त्या बाईंनी ‘बहीण का?’ विचारलं तेव्हा ती उठून गेली, पण तोंड तुलाही होतं. पुढच्या तारखेला पुन्हा कुणी विचारलं तर ती उठायच्या आत तू उत्तर दे. ‘आम्ही दोघी मिळून आलोय’ एवढंही पुरे.

तपासण्यांचे रिपोर्ट आले की कळव. आणि पुढचं पत्र तिला लिहायला सांग.

तुझी,
ताई