साडेतेरा लाखांची लिफ्ट, १४ दिवसांचं काम

चिपळूण तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३८. वडिलांची जळाऊ लाकडाची वखार त्यांनी सांभाळली आणि गेल्या आठेक वर्षांत तिला झाडं तोडून, छाटून द्यायच्या कामाची जोड दिली. दोन चेनसॉ (इंजिनवर चालणाऱ्या करवती), एक जुनी पिकअप, चार गडी. वर्षाची उलाढाल १९ लाख: साडेअकरा लाख झाडांच्या कामाचे, साडेसात लाख लाकडाच्या विक्रीचे. सगळं जाऊन हाती सहा लाख राहतात. आता एक जुनी, ट्रकवर बसवलेली बूम लिफ्ट (माणसाला उंच फांदीपर्यंत नेणारा यांत्रिक हात) साडेतेरा लाखांना मिळते आहे. साडेतीन लाख एफडी मोडून घालायचे, दहा लाख एका वित्त कंपनीकडून १३ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. 'घेऊ का? की आधी १ लाख ६० हजारांचं लाकूड फोडायचं यंत्र घेऊ?' असा प्रश्न आहे. एफडी एकूण सहा लाखांचीच आहे आणि मुलगी दहावीत आहे, हे त्यांनी शेवटी जाता जाता लिहिलंय. माझ्या दृष्टीने ते पत्राच्या पहिल्या ओळीत हवं होतं.

लिफ्ट घेऊ नका. निदान यंदा तरी नको. पण नुसतं 'नको' सांगून तुमचं समाधान होणार नाही, कारण पत्रावरून दिसतंय की तुम्ही ती गाडी दोनदा जाऊन पाहून आलात.

दहा लाखांचा हप्ता महिन्याला साधारण २२,७५० रुपये बसतो, म्हणजे वर्षाला २ लाख ७३ हजार. त्यात चालवणारा माणूस महिना १५ हजारांनी धरला तर १ लाख ८० हजार. विमा, टायर, हायड्रॉलिकचे पाइप आणि सील, सर्व्हिसिंग मिळून ६० हजार. जुन्या गाडीला हे कमीच धरलंय. झाले ५ लाख १३ हजार, आणि गाडी अजून अंगणातच उभी आहे. आता तुमच्याच वहीतला आकडा: गेल्या वर्षी ७१ कामं केलीत, त्यांसाठी १४ दिवस लिफ्ट भाड्याने आणली, दिवसाला डिझेलसकट ६,५०० रुपये देऊन. म्हणजे वर्षाचं भाडं ९१ हजार. स्वतःच्या गाडीला दिवसाचं दीड हजाराचं डिझेल लागेल, तेव्हा वाचतात दिवसाला पाच हजार. ५ लाख १३ हजार भरून काढायला १०३ दिवस ती गाडी कामावर हवी.

पाच वर्षांनी गाडी विकून चार-साडेचार लाख येतील असं तुम्ही म्हणाल. मान्य. तेवढे वजा केले तरी ८५ दिवस लागतात. तुमच्याकडे १४ आहेत. हे अंतर 'गाडी आली की कामं येतील' या भरवशावर भरून निघत नाही. कोकणात चार महिने पाऊस, त्यातच गणपती, मग शेतातली कापणी. खरा हंगाम नोव्हेंबर ते मे.

वीज कंपनीचं तारांलगतच्या फांद्या छाटायचं काम मिळेल असं एकाने तोंडी सांगितलंय म्हणता. वर्क ऑर्डर हातात येऊ द्या, मग बोलू. अशा कामांचे पैसेही हप्त्याच्या तारखेला येतात असं नाही.

तुमच्या डोक्यात २०२० आणि २०२१ बसलंय. निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे माड-पोफळी आडव्या झाल्या, पुढच्या वर्षी तौक्ते आलं, आणि त्या दोन वर्षांत तुम्ही आधीच्या चार वर्षांएवढं कमावलंत. 'तेव्हा लिफ्ट असती तर' हे वाक्य पत्रात दोनदा आहे. वादळाच्या वर्षाचा आकडा मी सरासरीत धरत नाही. तो गणपतीच्या आरतीतल्या ताटासारखा असतो, पडलं ते पावलं. शिवाय पडलेल्या झाडाला लिफ्ट लागत नाही, चेनसॉ आणि दोरखंड लागतात.

लिफ्टच्या बाजूने एकच मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो: माणूस वर चढवावा लागत नाही. दोन वर्षांपूर्वी तुमचा गडी आंब्यावरून पडला आणि ८५ हजार गल्ल्यातून गेले. पण तुमची कामं कुठे असतात ते आठवा. पाखाडीच्या पायऱ्या उतरून जायचं, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, झाड घराच्या मागच्या अंगाला, कौलांवर झुकलेलं. तिथे ट्रक पोचतच नाही. लिफ्ट घेतलीत तरी त्या झाडावर गडीच चढणार, आणि हप्त्याच्या घाईत कदाचित जास्त वेळा चढणार. तेव्हा सुरक्षेचा पैसा सुरक्षेवरच खर्च करा: चढायचे पट्टे, चांगले दोर, हेल्मेट, चेनसॉ चालवणाऱ्यासाठी पायांचं संरक्षण. तुमच्या चौघांसाठी मी हिशेबात ९० हजार धरले आहेत.

तुम्ही एक खर्च धरलेलाच नाही. लिफ्टमुळे उलाढाल २६ लाखांवर जाईल असं लिहिलंय. जळाऊ लाकडावर जीएसटी नाही, पण झाड तोडून देणं ही सेवा आहे आणि तिच्यावर १८ टक्के कर आहे. सेवा देणाऱ्याला नोंदणीची मर्यादा २० लाखांची, आणि ती मोजताना करमाफ लाकडाची विक्रीही धरतात. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तुम्ही १९ लाखांवर उभे आहात. मर्यादा ओलांडलीत आणि गिऱ्हाईकाने आजच्या दरावर एक रुपयाही वाढवून दिला नाही, तर साडेअकरा लाखांतले जवळपास पावणेदोन लाख कराचे म्हणून निघतात. घरमालकाला त्या कराचं क्रेडिट (भरलेला कर स्वतःच्या करातून वजा करायची सोय) मिळत नाही, म्हणून तो घासाघीस करणारच. ५० लाखांपर्यंत ६ टक्क्यांची कंपोझिशनची, म्हणजे उलाढालीवर सरसकट कर भरायची, वाट आहे. तिच्यात बिलावर कर लावता येत नाही आणि खरेदीवरचं क्रेडिटही सोडावं लागतं. बागायतदारांकडची, पीक चांगलं यावं म्हणून केलेली छाटणी करमाफ शेतीकामात बसते का, हे मात्र सीएकडून लेखी घ्या. धंदा वाढू नये असं मी म्हणत नाही. वाढवायचा तर दर आधी वाढवा.

दरावरून मुख्य मुद्द्याकडे येतो. तुम्ही लिहिता, 'लाकूड तर कामातून फुकटच मिळतं.' मला पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य हेच वाटलं. दहा हजारांचं काम तुम्ही 'लाकूड आमचं' म्हणून सहा-सात हजारांत घेता. मग ते लाकूड फुकट कसं? वखारीला ते दरात सोडलेल्या तीन-चार हजारांना पडलं, फक्त वहीत लिहिलं गेलं नाही.

वर्षाला १२५ टन लाकूड सरासरी सहा रुपये किलोने विकता. त्यातलं ८० टन फोडायचं असतं; दोन गडी ६०० रुपये रोजाने दिवसाला टनभर फोडतात, म्हणजे ९६ हजार. पिकअपच्या दीड टनाच्या ८३-८४ खेपा, भराई-उतराईसकट १,८०० रुपये खेप, दीड लाख. वखारीवरचा माणूस १ लाख ४४ हजार. राहतात ३ लाख ६० हजार. वरवर पाहता सहातले साडेतीन लाख वखारीनेच दिले. पण हेच ओंडके बाहेरून दोन रुपये किलोने घेतले असते तर अडीच लाख गेले असते. ते वजा करा: वखारीचे स्वतःचे १ लाख १० हजार, आणि झाडांच्या कामाचे ४ लाख ९० हजार. तुम्हाला वडिलांची वखार नाही, मुख्यतः झाडांचं काम पोसतंय. (वडिलांना हे वाचून दाखवायची घाई करू नका.)

आजपासून दोन वह्या करा. कामाचा दर लाकूड न धरता सांगा, आणि लाकूड उचलायचं असेल तर दोन रुपये किलोने वजा दाखवा. गिऱ्हाईकालाही हिशेब कळेल.

मग वखारीसाठी फोडायचं यंत्र का घ्यायचं? निव्वळ पैशांत पाहिलं तर ते बरं आहे, फार थोर नाही. यंत्रावर दोघे दिवसाला तीन टन फोडतील, टनामागे इंधनासकट ५५० रुपये. ८० टनांवर वर्षाला ५२ हजार वाचतील आणि तीनेक वर्षांत यंत्र फिटेल. पण पत्रात एक ओळ आहे: एप्रिल-मे महिन्यांत लोक पावसाळ्याची बेगमी करतात, गडी वखारीत कुऱ्हाड, पाचर नि घण घेऊन अडकतात आणि झाडांची कामं नाकारावी लागतात. नेमकं पावसाआधी, जेव्हा प्रत्येकाला घरावरची फांदी काढून हवी असते! ८० दिवसांचं फोडणीचं काम २७ दिवसांवर आलं तर दोन कसलेले गडी ५३ दिवस मोकळे होतात. ते सगळे दिवस हंगामात पडणार नाहीत, पण त्यातले २० जरी झाडांच्या कामाला लागले तरी यंत्राचा हिशेब पुरता बदलतो. तुमची अडचण उंचीची नाही, हातांची आहे.

शेड वाढवून पावसाळ्यात सुकं लाकूड चढ्या दराने विकायचा बेतही तुम्ही विचारलाय. मे महिन्यात साडेपाच आणि जुलैत साडेसात रुपये किलो, हे ऐकायला छान. पण लाकूड सुकतं तसं हलकं होतं, आणि तुम्ही विकता वजनावर. मे महिन्यातलं ३० टन ओलं लाकूड शेडमध्ये २४ टन झालं, तर १ लाख ६५ हजारांचे १ लाख ८० हजार होतात. पंधरा हजारांसाठी दोन-अडीच लाखांची पत्र्याची शेड नको. आहे त्या शेडवर ताडपत्री पुरे.

मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत बेकऱ्यांना माल द्यायचा विचार तर सोडूनच द्या. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणायला सांगितलं. मिटत चाललेल्या बाजारासाठी आज खेपा वाढवू नयेत. तुमचं गिऱ्हाईक गावातच आहे: न्हाणीघराची चूल, लग्नकार्य, स्मशान.

पैसे कसे उभे करायचे? यंत्राचे १ लाख ६० हजार, सुरक्षेचे ९० हजार आणि जुन्या चेनसॉच्या जागी नवी घ्यायला ५० हजार, मिळून तीन लाख. एफडी मोडू नका, तिच्यावर बँकेतून ओव्हरड्राफ्ट घ्या. एफडीच्या व्याजापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त पडतं, आणि मे महिन्यात आलेले पैसे भरून ऑगस्टमध्ये पुन्हा काढता येतात. तुमच्यासारख्या हंगामी धंद्याला ठरावीक हप्त्यापेक्षा हे सोयीचं. दोन वर्षांत, म्हणजे मुलगी बारावीला बसायच्या आत, ते खातं शून्यावर आलं पाहिजे. नाही आलं तर लिफ्टचा विषयच काढू नका. मुद्राचं कर्जही मिळू शकेल, पण तारण हाताशी असताना जास्त व्याज कशाला? आणि एजंट पीएमईजीपीतून (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून) ३५ टक्के सबसिडी काढून देतो म्हणतोय, त्याला एक पैसाही देऊ नका. ती सबसिडी नव्या उद्योगासाठी आहे. तुमची वखार तुमच्या लग्नाआधीची आहे.

लिफ्टबद्दल माझं मत बदलेल अशा दोन गोष्टी आहेत. वर्षभर वहीत लिहा, कोणत्या दिवशी लिफ्ट आणली आणि कोणत्या दिवशी ती नसल्याने काम सोडलं. ही बेरीज ६० च्या वर गेली, किंवा खेड-गुहागरकडचा एखादा तुमच्यासारखाच ठेकेदार निम्म्या भागीत यायला तयार झाला, तर नवा कागद मांडू. आणखी एक पथ्य: आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ असल्या झाडांच्या तोडीची परवानगी मालकाने काढलेली नसेल तर काम घेऊ नका. विनापरवाना लाकडासकट पिकअप अडकून पडली तर हंगामातला प्रत्येक दिवस तुमच्या खिशातून जातो.

विम्याचं मात्र यंत्र यायच्या आधी करा. चारही गड्यांसाठी कामगार भरपाईची पॉलिसी घ्या, आणि तुमच्या कामाने दुसऱ्याची कौलं किंवा भिंत गेली तर त्या नुकसानीचीही. विचारताना 'लाकडाचा व्यापार' एवढंच लिहू नका. झाडावर चढून तोडणं असं स्पष्ट लिहा, नाहीतर दावा अडतो. तोवर प्रत्येकाच्या बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांची सुरक्षा विमा योजना चालू करून घ्या, अपघाती मृत्यूला दोन लाखांची. ती घरच्यांसाठी आहे, दवाखान्याचं बिल तिच्यातून निघत नाही. चौघांची वयं, त्यांतले कोण चढतात आणि रोज किती, एवढं पुढच्या पत्रात कळवा. किती रकमेचं संरक्षण घ्यायचं ते त्यावरून सांगता येईल.