अंगावर उठतं ते पित्त नेमकं कुठलं?

गेल्या अंकात अंगावर पित्त उठण्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. पत्रं वेगवेगळी दिसतात पण बहुतेकांचं मूळ एकाच पेशीत आहे, मास्ट सेल, म्हणून एकत्रच घेते.

प्रश्न : मॅडम, चार महिने झाले, रोज संध्याकाळी अंगावर पित्त उठतं. आई आमसुलाचं पाणी चोळते, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. अॅलर्जीची मोठी टेस्ट केली, त्यात गहू, दूध, शेंगदाणे, वांगं असं बरंच काही निघालं. सगळं बंद केलं, वजन उतरलं, पित्त मात्र तसंच. आता अजून काय सोडू? (सातारा)

ताई, काही सोडू नका, उलट जे सोडलंय ते परत सुरू करा, हे खाल्लं की लगेच ठरून त्रास होतो असं एखाद्या गोष्टीबाबत स्वतः अनुभवलं असेल तर तेवढं वगळून.

आपण याला पित्त म्हणतो ना, तिथेच घोळ होतो, सगळ्यांचं लक्ष पोटाकडे जातं. पण हे सगळं घडतं कातडीत. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आणि नसांच्या कडेला मास्ट सेल बसलेल्या असतात, आणि त्यांच्यात हिस्टामिन, हेपॅरिन, ट्रिप्टेज असली रसायनं भरलेले दाणे नुसते ठासून भरलेले असतात. पेशी डिवचली गेली की दाणे भराभर बाहेर, हिस्टामिनमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, त्यातलं पाणी बाहेर झिरपतं म्हणून चट्टा फुगतो, आणि नसा चाळवतात म्हणून खाज. ओपीडीत काही पेशंटच्या हातावर मी पेनच्या टोपणाने एक रेघ ओढते, आधी लाल होते आणि बोलता बोलता पाचेक मिनिटांत ती रेघ दोरीसारखी वर येते. ना गहू ना वांगं, नुसतं टोपण!

सहा आठवड्यांच्या वर चाललेल्या पित्तात बाहेरचा खाण्याचा पदार्थ क्वचितच कारण असतो. पुष्कळ जणांत स्वतःच्याच शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी मास्ट सेलला डिवचत राहतात. आणि त्या लांबलचक टेस्टबद्दल मी स्पष्टच सांगते, या दुखण्यात ती करूच नये. रक्तात एखाद्या पदार्थाची अँटिबॉडी सापडणं आणि तो खाल्ल्यावर त्रास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या कागदापायी लोक महिनोन्महिने उपाशी राहतात याचं मला फार वाईट वाटतं.

उपाय काय, तर झोप न आणणारी अँटिहिस्टामिनची गोळी रोज, उठलं तरच नाही तर रोज. पुरत नसेल तर डॉक्टर चौपटपर्यंत डोस वाढवू शकतात (मनाने नको), त्यानेही नाही भागलं तर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन आहे. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅस्पिरिन घेत असाल तर ते थांबवता येईल का डॉक्टरांना विचारा, या गोळ्यांनी बऱ्याच जणांचं पित्त भडकतं. थायरॉइड एकदा बघून घ्या. आणि आईचं आमसुलाचं पाणी खुशाल लावा, पण चोळू नका, घासलं की मास्ट सेल आणखी चिडू शकते.

प्रश्न : बाजारातून बांगडा आणला, तिखलं केलं. जेवून अर्ध्या तासात माझं, ह्यांचं आणि दिराचं तोंड लालबुंद, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड. लहानपणापासून बांगडा खाते, कधी काही झालं नाही. आता बांगडा कायमचा बंद का? (मालवण)

तिघांना एकाच वेळी एकाच ताटातून झालं, ही तुम्ही सांगितलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एका घरातल्या तिघांना एकाच दुपारी बांगड्याची नवी अॅलर्जी होणं जवळपास अशक्य. यात तुमच्या मास्ट सेलचा काही दोष नाही, हिस्टामिन आयतंच माशातून आलं असणार.

बांगडा, कुपा असल्या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाविना उन्हात राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करून टाकतात, आणि ते एकदा झालं की कितीही उकळा, तळा, खारवा, जात नाही. कधी कधी जिभेला किंचित चरचरतं, पण दर वेळी वास-चव बिघडेलच असं नाही, म्हणून कळत नाही. त्रास बहुधा काही तासांत ओसरतो, अँटिहिस्टामिनने लवकर, पण दम लागला, गरगरलं किंवा दमा-हृदयाचा आजार असेल तर थेट दवाखाना. बांगडा बंद करू नका, फक्त बर्फातलाच घ्या आणि घरी आणल्या आणल्या साफ करून फ्रीजमध्ये टाका. पुढे कधी तुम्हाला एकट्यालाच झालं, ताज्या माशानेही झालं, तर मात्र अॅलर्जीची तपासणी करायची.

प्रश्न : मेव्हण्याला शेतात गांधीलमाशी चावली. दहा मिनिटांत सगळं अंग लाल, उलटी आणि चक्कर येऊन खाली. घरात सिट्रिझिन होती ती दिली, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेला. वाचला. पुढच्या वेळी दोन गोळ्या द्याव्यात का? (जुन्नर)

दादा, वाचला हे नशीब, पण दोन काय चार गोळ्या दिल्या तरी हे काम गोळीचं नाही. याला अॅनाफिलॅक्सिस म्हणतात. आधीच्या एखाद्या डंखानंतर शरीराने त्या विषाविरुद्ध आयजीई नावाची अँटिबॉडी बनवलेली असते, ती मास्ट सेलच्या अंगावर चिकटून वाट बघत बसते. पुन्हा तेच विष आलं की अंगभरातल्या मास्ट सेल एकदम फुटल्यासारख्या रिकाम्या होतात. नुसतं हिस्टामिन नाही, ल्युकोट्राइन, प्रोस्टाग्लँडिन सगळं बाहेर. सिट्रिझिन अडवते फक्त हिस्टामिनला, तेही उशिरा. पडलेलं बीपी ती वर आणत नाही की आवळलेली श्वासनळी मोकळी करत नाही.

औषध एकच, अॅड्रिनलिनचं इंजेक्शन. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, फरक नाही पडला तर पाच मिनिटांनी परत. साधं औषध आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात ते असायलाच हवं, तिथे पोचलात की पहिलं वाक्य हेच बोला, "माशी चावली, चक्कर येऊन पडला, अॅड्रिनलिन द्या."

आणि ती मोटारसायकल! बीपी पडलेल्या माणसाला उभं केलं, ताठ बसवलं की हृदयाकडे रक्त परत येत नाही आणि तेवढ्यानेच माणूस जाऊ शकतो. आडवा झोपवा, पाय वर, एकशे आठला फोन करा नाहीतर जीप, टेम्पो काहीही बघा पण आडवा न्या. फक्त दम फार लागला असेल तर पाय पसरून टेकून बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबायचं, कधी कधी दुसरा झटका येतो.

आता ट्रिप्टेजची, म्हणजे मास्ट सेलच्या दाण्यांतल्या त्या रसायनाची, रक्ततपासणी करून घ्या. त्रास होतो तेव्हा दोनेक तासांत केली तर ती वाढलेली सापडते, पण माणूस बरा असतानाही जास्त आली तर अंगात मास्ट सेल जरुरीपेक्षा जास्त आहेत का ते बघावं लागतं.

प्रश्न : एवढा त्रास देतात तर या पेशी शरीरात आहेतच कशाला? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

हा प्रश्न मला फार आवडला. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिखने 1878 मध्ये, वय अवघं 24, लायपझिगला दिलेल्या प्रबंधात या पेशी निळ्या-जांभळ्या रंगांनी रंगवून दाखवल्या. जर्मनमध्ये मास्ट म्हणजे जनावर खाऊ घालून पुष्ट करणं, या पेशी खाऊनपिऊन सुस्तावल्यात असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात ते दाणे पेशी स्वतः तयार करते.

आणि कशाला आहेत म्हणशील तर 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला, मास्ट सेल नसलेले उंदीर सापाच्या आणि मधमाशीच्या विषाने जास्त सहज मरत होते. कारण दाण्यांमधलं कार्बॉक्सिपेप्टिडेज नावाचं एन्झाइम विषाचे तुकडे करतं. म्हणजे मेव्हण्याला ज्या पेशींनी पाडलं त्याच पेशी विषाशी लढायलाही आहेत! जंत बाहेर काढायला, जिवाणू घुसले की पांढऱ्या पेशींना हाका मारायलाही त्या पुढे असतात. म्हणूनच कातडी, नाक, फुप्फुस, आतडं, बाहेरचं जग जिथे जिथे शरीराला भिडतं तिथे त्यांची गर्दी.

प्रश्न : नऊ महिन्यांच्या बाळाच्या पाठीवर तपकिरी डाग आहेत, टॉवेलने पुसलं की फुगून लाल होतात. (नाशिक)

हे मास्टोसायटोसिस असू शकतं, कातडीत मास्ट सेलची गर्दी. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, घाबरू नका, लहान मुलांमधला हा प्रकार बहुतेकदा कातडीपुरताच असतो आणि वयात येईपर्यंत खूपदा ओसरतो. गरम पाणी नको, अंग टिपून घ्यायचं, खसाखसा पुसायचं नाही. कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना हे आधी सांगायचं. आणि फुगतं का हे बघायला पाहुण्यांपुढे डाग घासून दाखवू नका, डॉक्टरांनी एकदा घासून पाहिलं तेवढं पुरे.