फोन चार्ज होतो, पण दिसत नाही

प्रश्न : महिन्याभरापूर्वी लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. फोन केबलने जोडला की चार्ज होतो, पण फाइल मॅनेजरमध्ये येत नाही. एकदा आला, तर आत सगळं रिकामं. वेगळा ड्रायव्हर लागतो का?

उत्तर : ड्रायव्हर शोधत बसू नका. आधी केबल बदलून बघा. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. काही स्वस्त केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. फोन मजेत चार्ज होतो आणि कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही नसतो. अशा एका केबलपायी मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली, आधी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, आणि मग स्वतःला दोष देत. तेव्हापासून डेटा नेणाऱ्या केबलींना मी निळा दोरा बांधून ठेवते. शंका असेल तर टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. फोन जोडण्याआधी एकदा आणि जोडल्यावर एकदा. यादीत एक ओळ वाढली तर केबल ठीक आहे.

रिकामं दिसण्याचं कारण वेगळं. फोन कुलूपबंद असेल तर तो आतलं काही दाखवत नाही. स्क्रीन उघडा, वरून नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढा आणि ‘फक्त चार्जिंग’च्या जागी ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. बहुतेक फोन हे दर वेळी नव्याने विचारतात. कंटाळा येतो, पण कुठल्याही अनोळखी यूएसबीला फोन लावला तरी आतलं उघडं पडत नाही, म्हणून मी तक्रार करत नाही.

फोन पेनड्राइव्हसारखा झटपट का उघडत नाही, हेही तुम्ही लवकरच विचाराल. पूर्वी अँड्रॉइड फोन खरोखर पेनड्राइव्ह बनायचा. अडचण अशी, की त्याचं कार्ड कॉम्प्युटरकडे असेपर्यंत फोनला ते वापरता येत नसे. दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर घोळच. २०११च्या अँड्रॉइड ३.०पासून एमटीपी (मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल) ही फाइली देण्याघेण्याची नवी पद्धत आली. आता कोठाराची किल्ली फोनकडेच राहते. कॉम्प्युटर एकेक वस्तू मागतो, फोन आतून आणून देतो, तेही एका वेळी एकच. म्हणून हजारो फोटोंचं फोल्डर उघडायला वेळ लागतो. तेवढ्यात दुसरी खिडकी उघडून घाई केलीत तर सगळंच अडकतं. फोनवरची फाइल तिथल्या तिथे संपादित करू नका, आधी कॉम्प्युटरवर आणा. आणि ‘कट’ कधीच नको. कॉपी करा, उघडून बघा, मग फोनवरून पुसा.

प्रश्न : फोन आणि कॉम्प्युटर वायफायवरून जोडणारं केडीई कनेक्ट हे अ‍ॅप दोन्हीकडे टाकलं आहे, वायफायही एकच आहे. तरी दोघं एकमेकांना ओळखत नाहीत.

उत्तर : बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी फायरवॉल चालू आहे का? केडीई कनेक्टला १७१४ ते १७६४ हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कची क्रमांकाची दारं, उघडे लागतात, टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही प्रकारचे. बरेच जण एकच प्रकार उघडतात आणि थांबतात. दुसरा संशयित म्हणजे राउटरचं पाहुण्यांसाठीचं नेटवर्क. त्यावरच्या यंत्रांना बऱ्याचदा आपसात बोलूच दिलं जात नाही. व्हीपीएनही बंद करून बघा. इतकं करूनही जमलं नाही तर फोनच्या अ‍ॅपमध्ये कॉम्प्युटरचा आयपी पत्ता हाताने घाला. लिनक्सवर नोम (GNOME) हा डेस्कटॉप असेल तर त्यासाठी जीएसकनेक्ट हे एक्स्टेन्शन आहे. मात्र ते आणि केडीई कनेक्ट एकाच कॉम्प्युटरवर एकदम चालवू नका, दोघांना तेच पोर्ट हवे असतात.

जोडणी झाल्यावर कॉम्प्युटरवर कॉपी केलेला मजकूर फोनवर आपोआप जाईल, उलटा मात्र येणार नाही. बिघाड समजू नका. अँड्रॉइड १०पासून मागे चालणाऱ्या अ‍ॅपला क्लिपबोर्ड वाचता येत नाही. फोनकडून मजकूर पाठवायला अ‍ॅपमधलं बटण दाबावं लागतं.

प्रश्न : फोनमधले फोटो आपोआप लॅपटॉपवर यावेत, मध्ये कुणाचा सर्व्हर नको. दोन यंत्रांमधली फोल्डरं थेट एकसारखी ठेवणारं सिंकथिंग वापरू का? मग फोनमधले पुसून जागा करता येईल.

उत्तर : पहिल्या वाक्याला हो. दुसऱ्या वाक्यापाशी मात्र थांबा, कारण मी नेमकं तेच केलं होतं.

फोन भरला होता. लॅपटॉपवर सगळं आलेलं दिसत होतं, म्हणून जुने फोटो निर्धास्तपणे पुसले. सिंकथिंगने आपलं काम चोख केलं. इकडचं गेलं, म्हणून तिकडचंही काढलं. रात्री लॅपटॉप उघडला तर फोल्डरमध्ये उरले होते फक्त त्या आठवड्यातले फोटो. निम्मे एका जुन्या हार्ड डिस्कवर सापडले. निम्मे गेले ते गेलेच.

फोनचं फोल्डर ‘सेंड ओन्ली’ केलं की वाचतो, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. नाही. त्याने लॅपटॉपवरचे बदल फोनवर येणं थांबतं, फोनवर पुसलेलं मात्र लॅपटॉपवरूनही जातं. उपयोगी पडतं ते लॅपटॉपवरच्या फोल्डरचं ‘फाइल व्हर्जनिंग’. त्यात ‘ट्रॅश कॅन’ निवडलंत तर दुसऱ्या यंत्राने पुसायला लावलेली फाइल आधी बाजूला ठेवली जाते. मी त्यावरही विसंबत नाही. दर महिन्याला फोटो सिंकच्या फोल्डरबाहेर कॉपी करते, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवते आणि मगच फोन रिकामा करते.

सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४मध्ये बंद झालं. मी सिंकथिंग-फोर्क वापरते. त्याला बॅटरी बचतीतून सूट द्या, नाहीतर फोन त्याला झोपवतो आणि फोटो चार दिवसांनी एकदम येतात.

प्रश्न : आयफोनचं काय?

उत्तर : तिथे एमटीपी नाही. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत (मिंटसारख्या आवृत्त्यांत) लागणारं सॉफ्टवेअर आधीच असतं. फोन उघडून ‘ट्रस्ट’ दाबा, फोटोंचं फोल्डर दिसेल. फोटो आले पण उघडत नाहीत, तर ते बहुधा एचईआयसी या आयफोनच्या कमी जागा घेणाऱ्या फोटो-प्रकारातले आहेत. फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग ‘मोस्ट कम्पॅटिबल’. पुढचे फोटो जेपेगमध्ये निघतील. आधीचे मात्र बदलून घ्यावे लागतील.