सतत वाईट बातम्या येत असताना रोजचं आयुष्य कसं निभवायचं?

कामात मन लागत नाही असं तुम्ही लिहिलंय, ते अगदी समजतं. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा लालबागच्या आमच्या खोलीत मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईल बघत बसायचो, छातीत धडधड व्हायची आणि सकाळी उगाच आईवर चिडायचो. शेवटी तीच म्हणाली, बातम्या संध्याकाळी एकदाच बघ आणि सकाळी तुळशीला पाणी तू घाल. एवढंच, पण हाताला ठरलेलं काम मिळालं ना की दिवसाला जरा आकार येतो, आणि शेजारच्या काकांशी गॅलरीतून दोन शब्द बोलणं व्हायचं त्यानेही खूप बरं वाटायचं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर मात्र थांबू नका, १४४१६ वर फोन करा, टेली मानस ही सरकारी हेल्पलाईन २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं.