अ‍ॅम्प किती वॅटचा घेऊ, दादा?

प्रश्न: दादा, आम्ही सांगलीची पाच पोरं, दोन गिटार, ड्रम, कीबोर्ड आणि मी बेसवर. माझ्याकडे २० वॅटचा प्रॅक्टिस अ‍ॅम्प आहे. गेल्या गणपतीत मांडवात वाजवलं तेव्हा मला माझाच बेस ऐकू येईना, व्हॉल्यूम फुल केला तर नुसतं फर्रर्र व्हायला लागलं. आता सगळ्यांनी मिळून ६० हजार जमवलेत. गिटारवाला म्हणतो आठ स्पीकरचं मोठं कॅबिनेट घे, ड्रमर म्हणतो अ‍ॅम्प घेऊच नको, डायरेक्ट मिक्सरला लाव. कुणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचंही नको ऐकूस. आणि वॅटचं नंतर बघू, आधी मला सांग तो अ‍ॅम्प तू नेणार कशातून? रिक्षातून, टमटममधून की कुणाच्या तरी ओम्नीतून? हसू नकोस, मी पहिल्यांदा चार स्पीकरचं कॅब, म्हणजे कॅबिनेट, स्पीकरचं खोकं, घेतलं तेव्हा दुकानात वाजवून बघितलं, तिथे छातीत धडधड झाली म्हणून घेतलं आणि घरी आणल्यावर कळलं की आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही. पुढची दोन वर्षं ते कॅब प्रॅक्टिसच्या खोलीतच पडून होतं आणि मी गिगला, म्हणजे कार्यक्रमाला, दुसऱ्याचा अ‍ॅम्प मागून न्यायचो.

त्या आठ स्पीकरवाल्या कपाटाचं म्हणशील तर ते आलं १९६९ मध्ये, अँपेग एसव्हीटी, ३०० वॅटचं व्हॉल्व्हवालं हेड (हेड म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) आणि त्याखाली दहा इंची आठ स्पीकर. नुसतं हेडच ३८ किलोच्या आसपास, आणि कॅब साठच्या वर, परदेशात त्याला सरळ फ्रीजच म्हणतात. त्या काळी हॉलमधला पीए, म्हणजे लोकांकडे तोंड केलेले मोठे स्पीकर, गाण्यापुरता असायचा, बेस शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा तर स्टेजवरूनच न्यायला लागायचा, म्हणून एवढं मोठं. आता तुझा बेस लोकांपर्यंत नेतो तो साउंडवाल्याचा सब, म्हणजे फक्त खालच्या आवाजाचा मोठा स्पीकर. तुझा अ‍ॅम्प आहे तुझ्यासाठी आणि तुझ्या ड्रमरसाठी, एवढं एकदा डोक्यात बसलं की निम्मी खरेदी सोपी होते.

आता २० वॅटमध्ये का भागत नाही ते. बेसची मोकळी खालची तार म्हणजे ई, ती वाजते ४१ हर्ट्झला. एवढ्या खालच्या आवाजाला आपला कान मुळात कमी दाद देतो आणि स्पीकरला मात्र भरपूर हवा ढकलायला लागते, त्यामुळे २० वॅटचा गिटार अ‍ॅम्प ड्रमसमोर कसाबसा तरतो पण २० वॅटचा बेस बुडतोच. तुझं ते फर्रर्र म्हणजे अ‍ॅम्पचा आणि कोनचा, म्हणजे स्पीकरच्या आत-बाहेर हलणाऱ्या पडद्याचा, दम संपलेला.

पण वॅटचं गणित सरळ नसतं. दुप्पट वॅट केले तर वाढतो फक्त ३ डेसिबल, आणि कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे २० चा २०० केलास तर दुप्पट वाटेल, आणि ३०० की ५०० यावर दुकानात तासभर डोकं फोडलंस तरी स्टेजवर फारसा फरक कळणार नाही. त्यापेक्षा स्पीकर किती आणि कसले ते बघ, कारण दुसरं कॅब जोडल्यावर जो भरीवपणा येतो तो नुसत्या वॅटनी येत नाही.

तुमच्यासाठी मी म्हणेन दहा इंची दोन किंवा बारा इंची एक स्पीकरवाला कॉम्बो (हेड आणि स्पीकर एकाच खोक्यात) बघ, २०० ते ५०० वॅटमधला, मागे बाहेरचं कॅब जोडायची सोय असलेला आणि एक्सएलआर आउट, म्हणजे मिक्सरला वायर द्यायची जागा, असलेला. उदाहरण द्यायचं तर फेंडरचा रम्बल ५००: दहा इंची दोन स्पीकर, वजन साडेसोळा किलोच्या आसपास, स्वतःच्या स्पीकरवर ३५० वॅट देतो आणि ८ ओहमचं दुसरं कॅब जोडलं की पूर्ण ५००. एका हातात उचलता येतो आणि रिक्षात शेजारी बसतो. त्यातलाच रम्बल १०० साधारण दहा किलोचा, कॅफेत छान, पण दोन गिटार आणि जोरात वाजवणारा ड्रमर असेल तर कमी पडेल. नवा बसत नसेल तर सेकंडहँड बघायला लाजू नकोस, फक्त घेताना आपला बेस घेऊन जा, खालची ई मोठ्या आवाजात लांब धरून ठेव, काही खडखडतंय का ऐक, सगळे नॉब फिरवून खरखर बघ, आणि बंद अ‍ॅम्पच्या जाळीमागचा कोन, जाळी काढता येत असेल तर, दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच सरळ आत दाब, घासल्यासारखं लागलं तर नमस्कार करून बाहेर पड. सगळे ६० हजार अ‍ॅम्पवर उडवू नकोस, वायरी आणि चांगलं कव्हर यासाठी थोडे बाजूला काढ.

ड्रमर म्हणतो तसं डायरेक्ट मिक्सरला लावणं चूक नाही, पण मग तू पूर्णपणे मॉनिटरवर, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरवर, अवलंबून. मोठ्या मांडवात साउंडवाल्याकडे सब असतात, मॉनिटर असतात, तिथे चालून जाईल. पण कॅफेत किंवा कॉलेजच्या हॉलमध्ये स्टँडवर नुसते दोन टॉप, म्हणजे सबशिवायचे स्पीकर, असतात ना, त्यात गाणं आणि कीबोर्ड घातल्यावर बेसला जागाच उरत नाही, तिथे तुझा अ‍ॅम्पच काय तो बेस. म्हणून गिग ठरला की साउंडवाल्याला फोन करून एकच विचारायचं, सब आहेत का?

आणि मिक्सरला वायर अ‍ॅम्पच्या डीआयमधूनच, म्हणजे त्याच एक्सएलआर आउटमधून, दे. प्री-पोस्टचं बटण असेल तर प्रीवर ठेव, म्हणजे तू स्टेजवर नॉब फिरवलेस तरी बाहेरचा आवाज बदलत नाही आणि साउंडवाला तुझ्यावर डाफरत नाही. मांडवात अर्थिंगचा सगळा आनंदच असतो, घूंऽऽ असा आवाज आला तर ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघ, ते फक्त मिक्सरकडे जाणाऱ्या वायरचं ग्राउंड तोडतं. भिंतीतल्या प्लगची अर्थची पिन मात्र कधी काढायची नाही, कुणी कितीही सांगितलं तरी, माईकला ओठ लागल्यावर झटका बसतो तो त्यातूनच.

एक वायरचं सांगतो, कारण ते मी भोगलंय. कराडला एका कार्यक्रमात हेड ते कॅब जोडायची वायर मी घरीच विसरलो, मग गिटारचीच वायर लावली, जॅक तोच असतो ना. तिसऱ्या गाण्याला आवाज येत-जात येत-जात एकदम बंद. वायर हातात घेतली तर गरम आणि जॅकपाशी मऊ पडलेली. गिटारच्या वायरमध्ये आत एक बारीक तार आणि भोवती जाळी असते, ती बारीक सिग्नलसाठी, स्पीकरचा करंट तिला झेपत नाही. तेव्हा स्पीकरची वायर जाड, दोन तारांची, शक्यतो स्पीकॉनवाली (फिरवून अडकणारा जॅक), आणि ती अ‍ॅम्पच्या पिशवीतच राहायला पाहिजे.

ओहमचं, म्हणजे स्पीकरच्या रोधाचं, एवढंच, की ८ ची दोन कॅब जोडली की ४ होतात, ४ ची दोन जोडली की २, आणि अ‍ॅम्पच्या मागे मिनिमम ४ लिहिलं असेल तर २ वर जायचं नाही.

अ‍ॅम्प आल्यावरही ‘ऐकू येत नाही’ म्हणशील, तेव्हा आधी नॉब बघ. घरी एकटं वाजवताना आपण सगळेच बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड खाली घेतो, मस्त गोड वाटतं. बँडमध्ये गेलं की तोच आवाज गायब, खाली किक ड्रम बसलाय, वर गिटार आणि झांजा, आणि तुझी जी जागा होती मधली, २५० ते ८०० हर्ट्झची, तीच तू कापून टाकलीस. मिड वाढव. दुसरं म्हणजे कॉम्बो जमिनीवर ठेवून त्याच्या पुढ्यात उभा राहिलास तर आवाज तुझ्या पोटऱ्यांना ऐकू येतो. मागे टेकवून थोडा वर तोंड करून ठेव, नाहीतर भक्कम खुर्चीवर चढव. मांडवाच्या पोकळ फळ्यांवर तर खुर्चीच बरी, नाहीतर अख्खं स्टेज बुम्म बुम्म करतं आणि लोक म्हणतात बेसवाला गढूळ वाजवतो.

प्रश्न: गिटारच्या अ‍ॅम्पमधून बेस वाजवला तर चालेल का? (सातारा)

उत्तर: हळू आवाजात, घरी, चालेल. गिगला नको. अ‍ॅम्प बहुतेक वाचतो पण त्याचा स्पीकर एवढा आत-बाहेर हलण्यासाठी केलेला नसतो, तो फाटतो. पाच तारांचा बेस असेल तर खालची बी ३१ हर्ट्झला वाजते, मग तर विचारच करू नका.

प्रश्न: न्यू जर्सीतला आतेभाऊ दिवाळीत येतोय, तिथून अ‍ॅम्प आण म्हणू का? (ठाणे)

उत्तर: म्हणा, पण आधी त्याला अ‍ॅम्पच्या मागचा फोटो पाठवायला सांगा. १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलं असेल तर प्रश्नच नाही, नुसता प्लग बदला. फक्त १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० वर पहिल्याच दिवशी फ्यूज जाईल, नशीब वाईट असेल तर बरंच काही जाईल, आणि मग जन्मभर एक जड स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर सोबत वागवायचा. आणि कॉम्बो मागवू नका हो, त्या बिचाऱ्याची २३ किलोची एक अख्खी बॅग त्यातच जाईल आणि आत्याचा फराळाचा रिकामा डबासुद्धा वर बसायचा नाही. क्लास डीची, म्हणजे हलक्या नव्या पद्धतीची, ५०० वॅटची हेडं हल्ली तीन किलोच्या आत मिळतात, कपड्यांत गुंडाळून येतात. हेड तिकडून येऊ दे, कॅब इथेच वाजवून बघून घ्या.