मणका ‘जागेवर बसवणे’ : वाचकांचे प्रश्न आणि फिजिओथेरपिस्टची उत्तरे

प्रश्न : मी घोडबंदर रोडला राहते आणि ऐरोलीतील एका कंपनीत दिवसभर संगणकावर काम करते. गेले वर्षभर मान आखडते आणि दुपारनंतर मानेच्या मुळाशी सुरू झालेले दुखणे उजव्या बाजूने कपाळापर्यंत चढते. मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी कायरोप्रॅक्टिकच्या, म्हणजे मणक्यांना हाताने झटका देऊन उपचार करण्याच्या, एका केंद्रात गेले. तेथे एक्स-रे पाहून ‘मणके सरकले आहेत, ते जागेवर बसवावे लागतील’ असे सांगण्यात आले आणि २४ बैठकांचे पैसे आगाऊ भरण्यास सुचवले गेले. हे उपचार घ्यावेत का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पैसे भरले नसतील तर भरू नका आणि मानेला झटका देऊन घेऊ नका. तुमचे दुखणे खरे आहे आणि त्यावर उपायही आहे. परंतु तुम्हाला सांगितले गेलेले कारण पटण्यासारखे नाही.

अमेरिकेतील आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट येथे, डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये ही पद्धती सुरू केली. मणके किंचित सरकल्यामुळे मज्जातंतूंना अडथळा होतो आणि बहुतेक आजार त्यातूनच उद्भवतात, अशी त्यांची धारणा होती. ती पुढे सिद्ध झाली नाही आणि आज अनेक कायरोप्रॅक्टरही ती मानत नाहीत. मणका खरोखर सरकण्याचा विकार वेगळा असतो, आणि त्यात तर झटका देणे टाळावेच लागते. उपचाराच्या वेळी जो ‘कट्’ असा आवाज होतो, तोही हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील वंगणासारख्या द्रवावरचा दाब एकदम कमी झाला की त्यात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. बोटे मोडताना हेच घडते. त्यानंतर स्नायू काही काळ सैल पडतात, मान वळवायला हलकी वाटते आणि हा आराम खराही असतो. मात्र तो बहुतेकदा काही तास किंवा काही दिवस टिकतो, आणि तपासणीआधीच २४ बैठकांचा हिशेब मांडण्यास त्यात काही आधार नाही.

आता डोकेदुखीविषयी. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंकडून येणाऱ्या संवेदना आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूकडून येणाऱ्या संवेदना मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. म्हणून दुखणे मानेत असले तरी ते कपाळात किंवा डोळ्यामागे जाणवू शकते. तपासताना मी रुग्णाला उताणे झोपवते, कवटीच्या खालच्या कडेशी बोटे टेकवते आणि हलकेच दाब देते. त्या दाबाने नेहमीचीच डोकेदुखी जागी झाली आणि मान दुखऱ्या बाजूला कमी वळत असली, तर मूळ मानेत असल्याची शक्यता वाढते. तरीही एवढ्यावर निदान करू नये, कारण अर्धशिशीतही मान आखडते. ठणका लागतो, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, अशी लक्षणे असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. अर्धशिशीवर मणक्यांच्या झटक्याचा उपयोग होतो का, हे तपासणारी नॉर्वेतील एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत खरा झटका मिळालेल्यांना आणि नुसता लुटुपुटूचा उपचार मिळालेल्यांना सारखाच आराम पडल्याचे दिसले. शिवाय महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या काही महिने घेतल्या, तर त्या गोळ्याच डोकेदुखी कायम ठेवतात. तुमच्या पर्समधील गोळ्यांचा हिशेब जरूर करा.

मानेच्या झटक्याला माझा विरोध का, तेही सांगते. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर चढतात आणि कवटीत शिरण्यापूर्वी पहिल्या मणक्याला वळसा घालतात. मान एका बाजूला वळवून वेगाने झटका दिल्यानंतर या धमनीचा आतला थर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. हे क्वचितच घडते, आणि काही रुग्णांमध्ये धमनी आधीच फाटू लागलेली असल्यामुळेच मान दुखत असते, असेही तज्ज्ञ म्हणतात. पण जो आराम व्यायामाने मिळू शकतो, त्यासाठी हा धोका कशाला पत्करायचा? अशा उपचारानंतर, किंवा एरवीही, कधी नव्हे अशी तीव्र मानदुखी, बोबडी वळणे, एकाचे दोन दिसणे, तोल जाणे किंवा एक पापणी खाली येणे असे काही झाले, तर थेट रुग्णालय गाठावे.

घरी सुरुवात अशी करा. भिंतीला पाठ टेकवून बसा, नजर समोर ठेवा आणि डोके वर-खाली न करता हनुवटी सरळ मागे न्या. पाच सेकंद थांबा, सोडा आणि हे दहा वेळा करा. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, कीबोर्ड वेगळा घ्या आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठा. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टकडून मानेच्या आतील स्नायूंचे आणि खांद्याच्या पात्याचे व्यायाम शिकून घ्या.

प्रश्न : माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. त्यांनी तुर्भ्याच्या बाजार समितीत अनेक वर्षे माथाडी काम केले. आता कंबर दुखते आणि कळ पायात उतरते. एमआरआयमध्ये दोन मणक्यांमधली ‘गादी सरकल्याचे’ आले आहे. कायरोप्रॅक्टिकने ऑपरेशन टळेल का? (एक वाचक, वाशी)

उत्तर : एमआरआयच्या अहवालाने घाबरू नका. कंबरदुखी नसलेल्या माणसांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा विशीतील सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीतील तब्बल ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या आढळल्या. बाहेर आलेली गादी पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आक्रसते आणि पायातील कळही कमी होते, त्यामुळे ऑपरेशन बहुतेकांना लागतच नाही.

कंबरेच्या बाबतीत मी मानेइतकी कठोर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सुचवलेल्या उपायांत व्यायाम आणि समुपदेशनाबरोबर मणक्यांवरील हस्तोपचारही आहेत. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताणणे मात्र नेहमीच्या उपचारात नको, असे तिने म्हटले आहे. परंतु वडिलांचे वय आणि पायात उतरणारी कळ पाहता, हाडांची ठिसूळता तपासल्याशिवाय आणि अस्थिरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कोणालाही झटका देऊ देऊ नका. ताप, घटते वजन आणि रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी लागते. आपल्याकडे तो आजही आढळतो. लघवी अडणे, शौचावरील ताबा जाणे, जांघेतील भाग बधिर होणे किंवा पाऊल लुळे पडणे, यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात न्या.

प्रश्न : उसण भरली की आमच्या गावी पायाळू माणसाकडून पाय लावून घेतात आणि लगेच बरे वाटते. कायरोप्रॅक्टर याहून वेगळे काय करतो? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : उसण बहुधा काही दिवसांतच ओसरते, आणि शेवटी जो उपाय केला त्याला श्रेय मिळते. प्रशिक्षित कायरोप्रॅक्टर शरीररचना शिकलेला असतो. अमेरिकेत त्यासाठी काही वर्षांच्या महाविद्यालयीन शिक्षणानंतर साधारण चार वर्षांचे शिक्षण आहे आणि ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्यानुसार नोंदणी सक्तीची आहे. भारतात कायरोप्रॅक्टरसाठी अशी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे थोड्या दिवसांचा वर्ग करून पाटी लावणाऱ्यालाही अडवणारे कोणी नसते. म्हणून शिक्षण कोठे झाले हे स्पष्ट विचारा, आणि जो आधी तपासत नाही त्याच्यापुढे पाठ करू नका. उसण भरल्यावर अंथरुणाला खिळून राहू नये. शेक घ्यावा, सोसेल तेवढे चालावे आणि दुखणे पायात उतरले तर डॉक्टरांना दाखवावे.